स्वभावाला औषध नाही?

मराठीत काही म्हणी अशा आहेत की त्या उच्चारताच पुढचा विचार थांबतो. ‘स्वभावाला औषध नाही’ ही त्यांतील अग्रगण्य होय. घरातला मुलगा पराकोटीचा संतापी निघाला, सकाळी गळ्यात पडणारी सून सायंकाळी शत्रू झाली, कचेरीतल्या एखाद्याचे कोणाशीच पटेनासे झाले, की कोणी तरी वडीलधारे सुस्कारा टाकून ही म्हण म्हणतात आणि मंडळी चहाकडे वळतात. म्हणीत शहाणपण असते हे मला मान्य आहे. पण पुष्कळदा आळसही असतो. आणि या म्हणीतील आळसाची किंमत ती म्हणणाऱ्याला कधीच द्यावी लागत नाही. जिच्याविषयी ती म्हटली जाते त्या व्यक्तीला द्यावी लागते.

आपण सरकारी नोकरांनी तर या म्हणीचे प्रशासकीय रूपांतर करून ठेवले आहे. ते म्हणजे बदली. ज्याचा स्वभाव जाचक वाटतो त्याला आस्थापना शाखेतून आवक-जावक शाखेत, तेथून अभिलेख कक्षात आणि तेथूनही सोसवेना झाला म्हणजे दुसऱ्या गावी पाठवावयाचे. प्रत्येक शाखाधिकारी त्याला निरोप देताना दोन बरे शब्द लिहितो, कारण वाईट लिहिले तर पुढचा त्याला घेणार नाही! घरगुती क्षेत्रात हेच काम विवाहाकडून करवून घेण्याची आपली जुनी चाल आहे: ‘लग्न झाले की ताळ्यावर येईल.’ आणि ज्यांचे लग्नही होऊन चुकले आणि जोडीदारही राहिला नाही, अशा नकोशा झालेल्या माणसांना पूर्वी काशीस आणून सोडीत. काशीतच राहणाऱ्या माझ्यासारख्याने याविषयी अधिक काय लिहावे? तात्पर्य, औषध नाही असे एकदा ठरले की उरतो तो फक्त वाहतुकीचा प्रश्न.

हा सारा प्रपंच करण्याचे कारण असे. गेल्या गणेशोत्सवात येथील मराठी मंडळींनी ‘साहित्य आणि मनःस्वास्थ्य’ या विषयावर एक परिसंवाद योजिला होता. त्यात एका विद्वान व वयोवृद्ध वक्त्यांनी असे प्रतिपादन केले की, ज्याला हल्ली व्यक्तिमत्त्वविकार म्हणतात तो आजार नसून संस्कारांचा अभाव होय. अशांना आत्मवृत्त लिहावयास लावणे वा रंगांच्या पेट्या देणे हे लाड आहेत. आणि असल्या लिखाणाला उत्तेजन दिले तर मराठी आत्मचरित्राच्या उज्ज्वल परंपरेला गालबोट लागेल. सभागृहात टाळ्या पडल्या. वक्त्यांच्या व्यासंगाविषयी मला पूर्ण आदर आहे आणि त्यांचे नाव मी येथे घेणार नाही. परंतु त्यांची तिन्ही विधाने मला चुकीची वाटतात; एवढेच नव्हे तर अपायकारक वाटतात.

प्रथम हा विकार म्हणजे काय ते पाहू. तारुण्याच्या उंबरठ्यापासून जडलेली, स्वतःकडे आणि इतरांकडे पाहण्याची अशी एक ताठर रीत, की जिच्यामुळे माणसाचे दुसऱ्याशी जुळत नाही आणि स्वतःशीही जुळत नाही, ती व्यक्तिमत्त्वविकार या नावाने ओळखली जाते. त्यातला सर्वांत अधिक अभ्यासला गेलेला प्रकार बॉर्डरलाइन नावाचा. आज ज्याच्यावाचून जगणे अशक्य तोच उद्या वैरी. एकटे पडण्याची जीवघेणी भीती. आत सतत एक पोकळी. रागाचा भडका आणि त्यामागोमाग आपल्याच देहावर उगवलेला सूड. तुसडेपणा, तापटपणा, हट्ट हे तर आपल्या सर्वांतच थोडेबहुत असतात. दोहोंत अंतर कशाचे? यातनांचे. तापट माणसाचा त्रास बहुधा शेजाऱ्यांना होतो. या माणसाला मात्र सर्वांहून अधिक त्रास स्वतःचाच होतो, आणि त्यातून कित्येकदा जीव जाण्यापर्यंत मजल जाते. याला संस्कारांचा अभाव म्हणणे म्हणजे दम्याच्या रोग्याला श्वास घेण्याचे वळण नाही असे म्हणण्यासारखे आहे.

बरे, औषध नाही म्हणावे तर तसेही दिसत नाही. अमेरिकेत बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी या विदुषींनी अशा २९० रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दहा वर्षांच्या निष्कर्षांनुसार शंभरांतील ९३ जणांची लक्षणे किमान दोन वर्षे ओसरलेली होती. मात्र लक्षणे ओसरणे निराळे आणि नोकरी, मैत्री, संसार यांसह पुन्हा उभे राहणे निराळे. ते साधलेले निम्मेच निघाले. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत अशी माझी वाचकांना विनंती आहे. वादळ शमते, पण वादळानंतर घर बांधण्याचे काम निम्म्यांचे राहून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही या विकाराचे जुने निरनिराळे कप्पे मोडून सौम्य, मध्यम व तीव्र अशा पायऱ्या केल्या आहेत. कप्प्यातला माणूस कप्प्यातच राहतो. पायरीवरचा चढतो, उतरतो. म्हणीत आणि शास्त्रात आज एवढे अंतर पडले आहे.

आता घर बांधण्याच्या कामाकडे येतो, कारण लेखनाचा संबंध तेथे आहे. माझा व्यवसाय कारकुनाचा. तेव्हा उदाहरण फाईलचेच देतो. या विकाराने पीडलेल्या माणसाइतके विपुल लेखन क्वचितच दुसऱ्या कोणाविषयी झालेले असेल! रुग्णालयात त्याचा केसपेपर असतो. तेथे तो ‘रुग्ण’ या नावाने तृतीय पुरुषात वावरतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकात त्याच्यावर शेरे असतात. कचेरीत गोपनीय अहवाल असतो. घरची मंडळी लिहीत नसली तरी त्यांच्या तोंडी त्याचा सारा इतिहास पाठ असतो आणि प्रत्येक नव्या पाहुण्यापुढे तो म्हणून दाखविला जातो. सर्वांच्या टिप्पण्या फाईलवर आहेत. ज्याची फाईल आहे त्याची तेवढी नाही. आत्मकथनाचा उपचार म्हणजे दुसरे तिसरे काही नसून, त्या माणसाला आपल्या फाईलवर स्वहस्ते टिप्पणी लिहिण्याचा अधिकार देणे होय.

हा अधिकार आपण नोकर लोकांनी स्वतःसाठी भांडून मिळविला आहे हे विसरू नये. एके काळी आपल्याविषयी वरिष्ठ काय लिहितात ते, शेरा प्रतिकूल नसेल तर, आपल्याला कळतही नसे. २००८ साली देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नोंद कर्मचाऱ्यास कळविली पाहिजे असा निवाडा दिला. मे २००९ मध्ये केंद्र सरकारने तसा आदेश काढला. आणि आज पंधरा दिवसांच्या आत आपण त्यावर आपले म्हणणे मांडू शकतो. त्या वेळी कोणी म्हटले नाही की, कारकुनाचे म्हणणे ऐकून घेणे हे लाड आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने मनोरुग्णासही आपले वैद्यकीय कागद पाहण्याचा हक्क दिला आहे. पाहण्याचा हक्क मिळाला. त्यावर आपले म्हणणे लिहिण्याचा प्रश्न अजून कोणी उपस्थित केलेला नाही. तो मी करीत आहे.

‘लिहून काय होणार?’ असा प्रश्न परिसंवादात श्रोत्यांतूनही आला होता. काय होते ते मी घरातलेच सांगतो. माझा धाकटा भाऊ गेली काही वर्षे पुण्यास या विकारावर उपचार घेत आहे. हे मी त्याला विचारून, त्याच्या संमतीने लिहीत आहे. त्याने एवढीच अट घातली की दयेचा शब्द येऊ नये. आमच्या वडिलांची नोकरी बदलीची. उपचाराच्या सुरुवातीला त्याने वहीत पहिले वाक्य असे लिहिले की, मला सगळे नेहमी सोडून जातात. त्याच्यावर उपचार करणाऱ्या बाईंनी त्या वाक्यावर काहीही भाष्य केले नाही. वहीला चार रकाने पाडून दिले: कोण, कधी, कोठून, कोठे. ते भरण्यास त्याला दीड महिना लागला. भरून झाले तेव्हा असे दिसले की आठ वर्षांत पाच शाळा झाल्या होत्या, आणि ज्या मित्रांनी त्याला सोडले असे तो आयुष्यभर मानीत आला त्यांतील बहुतेकांना सोडून जाणारा तोच होता. वडिलांच्या बदलीच्या हुकुमानुसार सामानासकट ट्रकमध्ये बसून! ‘मी कोणालाच नको आहे’ हे वाक्य त्या रकान्यांत कोठेच बसेना. त्याच्या जागी तारखा आल्या.

बदल्यांमुळे हा विकार होतो असे मी म्हणत नाही; तसे असते तर हे नियतकालिक वाचणारा एकही जण धड राहिला नसता. उपजत हळवेपणा, आनुवंशिकता, बालपणीचे आघात अशी अनेक कारणे शास्त्रज्ञ सांगतात, आणि त्याच पाच शाळांतून मीही गेलो आहे. माझा मुद्दा एवढाच आहे की दुःखाला तारीख मिळाली म्हणजे त्याचे आकारमान कळते. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’, ‘कोणीच’ हे या विकाराचे लाडके शब्द आहेत. ते बोलण्यात टिकतात. वहीत, रकान्यांपुढे, टिकत नाहीत.

या विकारावरील आजची सर्वांत मान्यताप्राप्त उपचारपद्धती, जिचे प्रमाणग्रंथ १९९३ साली निघाले, तिच्यातही रुग्णाला रोजचे एक नोंदपत्र भरावे लागते: आज मनात काय आले, किती तीव्रतेने आले, त्यावर आपण काय केले. रोजकीर्दच म्हणा ना. त्या पद्धतीच्या प्रवर्तक मार्शा लिनेहान यांची हकीकत आमच्या वक्त्यांना ठाऊक असती तर त्यांनी टाळ्यांची वाक्ये थोडी जपून वापरली असती असे मला वाटते. या बाई अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे विद्यापीठात प्राध्यापक होत्या. त्यांच्या हातांवरचे व्रण पाहून एका रुग्ण स्त्रीने त्यांना विचारले की, तुम्ही आमच्यापैकीच एक आहात काय? पुढे २०११ च्या जून महिन्यात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी जाहीरपणे सांगितले की १९६१ साली सतरा वर्षांच्या असताना आपण हार्टफर्डच्या एका मनोरुग्णालयात दाखल झालो होतो आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे होतो. हे त्यांनी त्याच रुग्णालयात, श्रोत्यांसमोर उभे राहून सांगितले. २०२० साली त्यांचे आत्मचरित्र निघाले. ज्या बाईंच्या केसपेपरवर एके काळी आशा नाही असा भाव होता, त्यांनी जगाला त्या रोगाची उपचारपद्धती दिली आणि मागाहून आपली टिप्पणीही लिहिली. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: आधी सावरणे, मग सांगणे. त्यांच्या पद्धतीत जिवावरचा धोका टळेपर्यंत जुन्या जखमा उकरीत नाहीत. तेव्हा ‘लिहा म्हणजे मोकळे व्हाल’ असा सल्ला ज्याला त्याला देत फिरणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. भर पुरात नदीची खोली मोजावयास कोणी उतरत नाही.

आता परंपरेच्या गालबोटाविषयी. मी काशीत राहतो. तेव्हा काशीशी नाते असलेल्या दोन आत्मवृत्तांविषयीच बोलतो. पहिले बनारसीदासाचे ‘अर्धकथानक’. जौनपूरच्या एका जैन व्यापाऱ्याच्या घरी १५८६ साली जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव विक्रमाजित. आईबाप त्याला घेऊन वाराणसीच्या पार्श्वनाथाच्या दर्शनास आले आणि तेथे त्याचे नाव बनारसी झाले. पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ साली, त्याने ६७५ पद्यांत आपले अर्धे आयुष्य लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानले तर झाले ते अर्धेच, म्हणून ते नाव. काय आहे त्यात? व्यापारात खाल्लेली ठोकर, तरुणपणीची आशिकी आणि तिच्यापायी ओढवलेले आजारपण, स्वतःचीच शृंगारिक पोथी एके दिवशी गोमतीत सोडून देणे, नऊ अपत्यांचे मृत्यू. आणि शेवटी स्वतःच्या गुणांची व दोषांची यादी, दोन्ही सारख्याच शांतपणे दिलेली. विद्वान या ग्रंथाला हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून गौरवितात. दोषांच्या यादीने त्याला गालबोट लागल्याचे मी कोठे वाचलेले नाही.

दुसरे आपलेच. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या बाजूस नाना फडणीसांच्या नावाचा वाडा दाखवितात. पानिपतावर गेले तेव्हा नाना अवघे अठरा वर्षांचे होते; तीर्थयात्रेच्या इच्छेने आई व पत्नीसह भाऊसाहेबांच्या सैन्यासोबत निघाले होते. रणातून ते जिवानिशी सुटले. आई परत आली नाही. त्यांनी लिहिलेले लहानसे आत्मवृत्त तरुणपणाच्या हकीकतीशी आणि पानिपतच्या आसपासच संपते, आणि त्यात आपल्या मनातील कामविकार, भीती, चंचलता यांविषयी ते इतके उघड लिहितात की वाचणारा संकोचून जातो. पुढे ज्याने सुमारे पाव शतक मराठी राज्याचा कारभार सांभाळला त्या मुत्सद्द्याने स्वतःविषयी लिहिताना कारभार वगळला आणि कमकुवतपणा ठेवला! उज्ज्वल परंपरा म्हणतात ती हीच असेल तर ती परिसंवादातल्या टाळ्यांच्या बाजूने साक्ष देत नाही.

खरे सांगावयाचे तर गालबोट लागते ते निराळ्या प्रकारच्या पुस्तकांनी. आपल्यापैकी सेवानिवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांच्या आठवणी आपण पाहतोच. अमुक साली अमुक ठिकाणी रुजू झालो, तमुक साहेबांची मर्जी संपादन केली, पुराच्या वेळी रात्रभर जागलो, निरोप समारंभास पाचशे माणसे लोटली. घरात कोण रडत होते, कोणाशी वीस वर्षे बोलणे बंद होते, मुलगा का परतला नाही, याविषयी अक्षर नाही. सेवापुस्तकाची ती सुबक नक्कल असते. (अपवाद आहेत, ते आपापल्या जागी स्वस्थ राहतील.) याच्या उलट लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात टिळकांचा शीघ्रकोप आहे, न सांगता घरातून निघून जाणे आहे, लहरीपायी संसाराची झालेली धूळधाण आहे. आणि कोठेही त्या माणसाविषयीची माया कमी झालेली नाही. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या या बाईंनी दाखवून दिले की कठीण स्वभावाच्या माणसाविषयी तक्रारअर्ज न करताही लिहिता येते. अशा रुग्णांच्या घरच्यांनी काही वाचावयाचेच असेल तर उपदेशाच्या पुस्तिकांआधी ते वाचावे.

चित्रकलेविषयी मला थोडे अधिक सावधपणे बोलावे लागेल, कारण येथे विरोधकांपेक्षा समर्थकांनीच अधिक घोटाळा केला आहे. आज शहरोशहरी रंग भरण्याच्या पुस्तकांची आणि दोन तासांच्या शिबिरांची लाट आलेली आहे. कुंचला हाती धरला की मन निवळते, असा तिचा प्रचार. ‘कलोपचार’ या अर्थाचा इंग्रजी शब्द १९४२ साली एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने रूढ केला. तो स्वतः क्षयाच्या आरोग्यधामात पडून असताना चित्रे काढीत असे. पुढे त्याचे शास्त्र झाले आणि शास्त्र म्हटले की परीक्षा आली. स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या परीक्षेत, जिचा निकाल २०१२ साली लागला, कलागटांचा काहीही विशेष लाभ आढळला नाही; कित्येक रुग्ण तर गटात धड आलेच नाहीत. व्यक्तिमत्त्वविकारांच्या बाबतीत मात्र नेदरलंड्समध्ये ५७ जणांवर, दहा आठवडे, काटेकोरपणे केलेल्या प्रयोगाचा २०१८ मधील निकाल स्पष्ट अनुकूल आला. सत्तावन्न हा आकडा लहान आहे. त्यावर मनोरा उभारू नये. पण एका रोगात न चाललेला उपाय दुसऱ्यात का चालावा याचा विचार करण्यास तो पुरेसा आहे.

मला सुचते ते असे. या विकारात शब्द हे बहुधा भांडणाचे हत्यार होऊन बसलेले असतात. जो माणूस वीस वर्षे शब्दांनीच घायाळ झाला आणि शब्दांनीच घायाळ करीत आला, त्याला कागदावर अशी एखादी गोष्ट करावयास मिळते की जिचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. भावाच्या उपचारात त्या बाईंनी त्याला ‘तुझे दुःख रंगव’ असे कधी सांगितले नाही. ज्या ज्या सरकारी घरांत तो राहिला त्यांचे नकाशे आठवून काढावयास सांगितले. दारे, खिडक्या, चूल, आणि आपण कोठे झोपत होतो ती जागा. चार घरांत ती त्याला चटकन सापडली. तिसऱ्या घरात सापडेना. दोन आठवडे तो नकाशा अर्धाच राहिला. पुढे काय निघाले ते त्याने मला सांगितले नाही आणि मी विचारलेले नाही. इतकेच ठाऊक आहे की रकान्यांच्या वहीत जे कधी आले नसते ते पेन्सिलीने काढलेल्या एका चौकोनातून आले.

महाराष्ट्रात याचे अगदी जवळचे उदाहरण शोधावयाचे तर ते व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात सापडते, आणि हे क्षेत्र आपल्या विषयाला लागूनच आहे; कारण व्यसनाच्या तळाशी व्यक्तिमत्त्वाची घडण असतेच. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या साहाय्याने सुरू केले. तेथे गटात बसून आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगणे हा उपचाराचा कणा राहिला, आणि बरे झालेले रुग्णच पुढे नव्यांचे मार्गदर्शक झाले. २०२२ साली निवर्तलेले अनिल अवचट स्वतः चित्रे काढीत, लाकूड कोरीत, बासरी वाजवीत. कलेला त्यांनी पदकांच्या कपाटात कधी ठेवले नाही. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची संस्था मनःस्वास्थ्याचे काम मराठीतून करीत आहे. ‘मराठीतून’ या शब्दावर मी मुद्दाम जोर देतो. येथे काशीत पांडेपुरचे मानसिक रुग्णालय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून उभे आहे, हिंदू विश्वविद्यालयाचा मनोविकार विभाग आहे; औषधे मिळतात, सल्ला मिळतो, सज्जन डॉक्टर मिळतात. परंतु जो मुलगा घरात मराठी, शाळेत हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी वापरून वाढला त्याचे बालपण कोणत्या भाषेत साठलेले असते? आईने मारलेली हाक भाषांतरात सापडत नाही. अशा मुलांना आत्मकथन मराठीत करता येईल अशी जागा परमुलखात कोण देणार? आपण नाही तर कोण?

येथे एका धोक्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. तो आपल्या घरांतला आहे. वही लिहिली की ती वाचण्याचा हक्क आपल्याला आहे असे आईबापांना वाटते. माझ्या परिचयातील एका कुटुंबात मुलीची वही आईने उशीखालून काढली, आणि दिवाळीस जमलेल्या आप्तांपुढे त्यातील ‘अन्यायाचे’ उतारे वाचून दाखविले. हेतू वाईट नव्हता. आम्ही हिचे इतके केले आणि ही पाहा काय लिहिते, एवढेच त्या माउलीला म्हणावयाचे होते. त्या मुलीने पुढे एक ओळ लिहिली नाही. २०१७ च्या कायद्याचे तेविसावे कलम रुग्णाच्या माहितीची गुप्तता राखावयास डॉक्टरांना बांधून घालते. उशीला मात्र कोणतेच कलम लागू नाही. माझ्या भावाच्या तीन वह्या आज माझ्या आईच्या कपाटात आहेत. त्यांपैकी दोन त्याने मध्यंतरी फाडल्या आणि पुन्हा चिकटविल्या. मी त्या वाचलेल्या नाहीत. वाचण्याचा मोह होत नाही असे नाही. माझ्याविषयी त्यात काय आहे हे कोणाला जाणून घ्यावेसे वाटणार नाही? पण ती त्याची टिप्पणी आहे, आणि माझ्या मेजावर ती अद्याप आलेली नाही.

मग प्रसिद्धीचे काय, साहित्याचे काय, असे वक्ते विचारतील. या वह्या साहित्य आहेत असा दावा कोणीच केलेला नाही; तो त्यांनी स्वतःच कल्पिला आणि स्वतःच खोडला. शंभर वह्यांत एखादी साहित्य ठरली तर आनंद आहे. न ठरलेल्या नव्याण्णव वह्यांनी आपले काम केलेले असेल.

परिसंवादानंतर आम्ही काही जणांनी स्थानिक मराठी मंडळाकडे एक साधा अर्ज केला. महिन्यातील दोन रविवारी, सकाळी दहा ते बारा, सभागृह मिळावे. एक प्रशिक्षित चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ बाई विनामूल्य येण्यास तयार आहेत. ज्यांच्यावर आधीच डॉक्टरांचे उपचार चालू आहेत आणि ज्यांना डॉक्टरांची अनुमती आहे अशांनाच घेतले जाईल. उपचार बंद करून कोणी येथे येणार नाही. एकाएकी कोणावर जीव नकोसा होण्याची पाळी आली तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा क्रमांक, जो ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, भिंतीवर ठळक लिहिलेला असेल. उत्तर आले की सभागृह केवळ सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी आहे, आणि शिवाय ‘अशा’ लोकांच्या येण्याजाण्याने इतर सभासदांच्या कुटुंबांची कुचंबणा होईल. कुचंबणा होईल हे खरे असावे. येणाऱ्यांत सभासदांचीच मुले असतील. आणि त्यांच्यापैकी काहींचे वडील त्या उत्तरावर सही करणाऱ्यांत आहेत. बदलीच्या गावी आपण नाव जपून राहतो, मुलाच्या दुखण्याची बातमी मूळ गावी पोहोचू देत नाही, वरिष्ठांना कळले तर काय होईल या धास्तीने शेजारच्या शहरात जाऊन औषधे आणतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराचा आपल्या यादीत समावेश केला आहे, आणि सेवेत असताना आलेल्या दिव्यांगत्वामुळे सरकारी कर्मचाऱ्यास काढता येत नाही की पदावनत करता येत नाही, हे त्याच कायद्याच्या विसाव्या कलमात आहे. पण आपल्या भीतीने तो कायदा अजून वाचलेला नाही.

सांस्कृतिक कार्यक्रम म्हणजे काय याची व्याख्या मंडळाच्या घटनेत दिलेली नाही. मी ती घटना दोनदा वाचली. सभागृहाची नोंदवहीही पाहिली. भाद्रपदातले दहा दिवस, कोजागरी, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि दोन मुंजी सोडल्या तर गेल्या वर्षभरात रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेसमोर कोणाचेही नाव नाही. अर्ज आम्ही पुन्हा दिला आहे. या वेळी त्यात एक मागणी वाढविली आहे. वह्या, पेन्सिली, रंग आम्ही आणू; सतरंज्या आहेतच; मंडळाने कुलूप असलेली एक लहान पेटी तेवढी द्यावी, आणि तिची किल्ली समितीतील कोणाकडेही असू नये.